पाचवी खुंटी

१

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली उणे वीस अंश थंडी असते. लग्न ठरवताना मुलाकडची मंडळी पुष्कळ काही सांगतात. हे सांगत नाहीत.

वर घर, खाली शीतगृह. एक लांब बोळ आणि त्याच्या एका अंगाला चार जाड दारं. पहिल्या दोन खोल्या नुसत्या गार, पुढच्या दोन हाडं गोठवणाऱ्या. आत इस्पितळांची औषधं आणि लसी. मालकी सासऱ्यांची, किल्ल्या सासूबाईंच्या, गाड्या आणि गिऱ्हाइकं नवऱ्याची. यंत्रं हातोडीकाकांकडे. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. कुठल्याही बिघाडावर त्यांचा पहिला उपाय हातोडीचा असतो आणि दुसरा लागतच नाही, असं ते स्वतःच छाती काढून सांगतात.

मी नवी. नव्या सुनेला काम नसतं, नुसतं पाहायचं असतं. मी पाहत होते.

बोळाच्या तोंडाशी भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिला पितळेच्या खुंट्या. घरातल्या प्रत्येकाकडे आकडा कोरलेला एक बिल्ला. आत जाताना बिल्ला आपल्या खुंटीला अडकवायचा, बाहेर आलं की काढून खिशात टाकायचा. दारं जुनी, बाहेरून अडसर घातल्याशिवाय घट्ट बसत नाहीत. म्हणून नियम एकच : फळीवर एक जरी बिल्ला लोंबत असेल तरी अडसराला हात लावायचा नाही. आत काही झालंच तर भिंतीवर लाल बटण, ते दाबलं की बोळात भोंगा वाजतो. पण घरातल्यांचा खरा विश्वास फळीवर.

बिल्ले चार. खुंट्या पाच.

“आई, पाचवी माझी का?” मी विचारलं. नव्या घरात आपली म्हणून एखादी खुंटी असावी असं वाटतंच.

सासूबाई किल्ल्यांचा जुडगा चाळत होत्या. “तुला सहावी ठोकू. बिल्ला करायला टाकलाय.”

“मग पाचवी कुणाची?”

“वर दूध उतू जाईल गं, बघ जरा.”

मी वर गेले. दूध फ्रिजमध्ये होतं.

दुसरी गोष्ट दाराची. उणे वीसमधून बाहेर पडणारा माणूस दार धाडकन लावून घेईल असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे नाही. बाहेर यायचं, दार धरून क्षणभर थांबायचं, मागून कुणी येत असलं की थांबतो ना, तसं, आणि मग लावायचं. सासरे थांबत, सासूबाई थांबत, हातोडीकाका शिव्या देता देता थांबत.

“थंडी वाया जात नाही का?” मी नवऱ्याला विचारलं.

“कशाने?”

“दार धरून थांबतोस ते.”

“मी? मी कुठे थांबतो?” तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

२

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक इस्पितळ. त्यांनी कळवलं की शीतगृहावर नजर ठेवणारा संगणक फार जुना झालाय. त्यातली प्रणाली अद्ययावत करा, मग आमच्या मॅडम येऊन बघतील, आणि त्यांना पटलं तरच लसींचं काम तुमच्याकडे राहील. ते काम गेलं असतं तर चारपैकी तीन खोल्या रिकाम्या राहिल्या असत्या. रिकाम्या खोल्या गार करत बसणारं शीतगृह किती दिवस चालतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

“बाहेरचा माणूस कशाला?” नवरा जेवताना म्हणाला. “घरातच इंजिनिअर आहे की.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळत असे. या घरात ही गोष्ट मला शिवणकाम येतं तशी सगळ्यांना माहीत होती; कौतुकाची, पण गरजेची नाही.

“जमेल?” सासरे म्हणाले.

“जमेल, बाबा.”

“हात दाखवून अवलक्षण नको,” हातोडीकाका पुटपुटले.

संगणक जिन्याखालच्या कपाटात होता, लिनक्सवर चालणारा, वर्षानुवर्षं कुणी बंदसुद्धा न केलेला. त्याचा कर्नल बदलायचा होता. कर्नल म्हणजे काय, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तो दिसत नाही, बोलत नाही, पण त्याच्या परवानगीशिवाय यंत्रातलं पानही हलत नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे सासू.” त्या हसल्या की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मीही हसले नाही.

सकाळच्या उन्हात, बोळाचं दार सताड उघडं ठेवून, मी कर्नल बदलला. यंत्र पुन्हा उठलं. चारही खोल्यांचे आकडे हिरव्या अक्षरांत आले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

मग खाली एक लाल ओळ आली. सरळ भाषेत तिचा अर्थ असा : पत्ता पाच. नोंद नाही. उत्तर आलं. तापमान ३६.८.

थोड्या वेळाने तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. आणि प्रत्येक ओळीसरशी बोळातला भोंगा दचकल्यासारखा एकदा ‘टुंक’ करत होता.

“पाचवी खोली कुठाय आपल्याकडे?” नवरा म्हणाला.

सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या संगणकाकडे बघतच नव्हत्या. फळीकडे बघत होत्या.

३

चूक म्हणजे चूक, तिला कारण असतं. मी याच विश्वासावर पगार घेत होते.

चारही खोल्यांतले तापमापक एकाच तारेवर आहेत. संगणक त्या तारेवर एकेका पत्त्याला हाक मारतो, तो आपलं तापमान सांगतो. तार कुरतडली असेल, म्हणून मी तार बदलली. जोड सैल असेल, म्हणून सगळे जोड आवळले. एक तापमापक दोन पत्त्यांना उत्तर देत असेल, म्हणून चारही बदलून पाहिले. लाल ओळ येतच राहिली. ३६.८. कधी ३६.७.

जुना कर्नल परत चालू केला. ओळ गायब. नवा लावला. ओळ हजर.

“मग जुनाच ठेव की,” हातोडीकाका म्हणाले. “जुनं ते सोनं. तो कधी तक्रार करत नव्हता.”

“जुना इस्पितळाला चालत नाही, काका.”

“मग तुझ्या नव्याला एक ठोका देऊ?”

शेवटी नव्या कर्नलबरोबर आलेली बदलांची टिपणं वाचायला बसले. ती कुणी वाचत नाही, विमानातल्या सूचना कुणी ऐकत नाही तसं. एका कोपऱ्यात दोन वाक्यांत सगळा उलगडा होता. जुना कर्नल फक्त नोंद असलेल्या पत्त्यांना हाक मारत असे : एक, दोन, तीन, चार. नवा ती हजेरी घेऊन थांबत नाही. तो पुढे साऱ्या तारेला विचारतो, अजून कोणी आहे का?

उलगडा झाल्याचं समाधान मला जेमतेम एक घोटभर चहा पुरलं. कारण त्याचा अर्थ एवढाच होता की आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारल्याबरोबर कुणीतरी ‘आहे’ म्हणालं होतं.

आणि ३६.८ हा आकडा. शीतगृहाच्या भिंतींत, नळ्यांत, पंख्यांत कुठेही असं तापमान नसतं. ते एकाच ठिकाणी असतं. ताप उतरला का ते बघायला आपण ज्याच्या कपाळावर हात ठेवतो, त्याच्या अंगात.

४

मग मी ते कुठे आहे हे शोधायला लागले. प्रत्येक खोलीला तारेची वेगळी फांदी जाते. एकेक फांदी तोडून बघायची. ज्या फांदीबरोबर पाच नंबर गप्प होईल, बिघाड त्या खोलीत. शाळेतलं गणित.

पहिली फांदी काढली, पाच चालू. दुसरी काढली, पाच गप्प. सापडलं! मी दुसऱ्या खोलीची तार पुरती उसवली. काही नाही. दुपारी पुन्हा तेच केलं तर पाच चौथ्या खोलीत.

तार जागा बदलत नाही. मी स्वतःला हे मोठ्याने सांगितलं.

नंतर एक छोटीशी आज्ञावली लिहिली. फांद्या आळीपाळीने आपोआप बंद-चालू व्हायच्या आणि पाच नंबर कुठे आहे ते लॅपटॉपवर दिसायचं. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून भाजी निवडत बसले. पाच चौथीत होता. नवरा खाली बिल्ला अडकवून चौथीत गेला, खोका घेऊन बाहेर आला, दुसरीत गेला. पाच दुसरीत. सासरे पहिलीत गेले. नवरा दुसरीतच होता. पाच तिथेच राहिला. नवरा बाहेर आला आणि ओळीने खोली बदलली. पहिली.

दिवसभर मी हेच बघत होते. आत कुणी नसेल तर पाच शेवटच्या जागी थांबून राही. कुणी आत गेलं की त्याच्यापाशी जाई. एकट्या माणसाला तो एकटं सोडत नव्हता.

भाजी निवडून झाली होती. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडत होते.

५

बुद्धी म्हणाली, स्वतः जाऊन बघ. बुद्धीचं काय जातं सांगायला? आत पाय मला ठेवायचे होते.

लख्ख दुपार होती. माझा बिल्ला अजून आला नव्हता म्हणून नवऱ्याचा घेतला, दाराबाहेरच्या चार जाड कोटांपैकी एक चढवला आणि तिसऱ्या खोलीत शिरले. दार मागे टेकलं. पंख्यांचा घुमघुमाट, खोक्यांच्या भिंती, पांढरा दिवा. नाकातला ओलावा पहिल्याच श्वासाला कडक झाला. तोंडासमोर वाफेचा ढग यायचा, विरायचा, पुन्हा यायचा.

मी तार तपासली. ठीक होती. तापमापक : उणे वीस, ठीक. मग, का कुणास ठाऊक, मी श्वास रोखला.

समोरचा ढग विरला.

आणि माझ्या डाव्या खांद्याशी, किंचित मागे, एक छोटा ढग आला. विरला. सावकाश दुसरा आला.

पंख्याचा झोत, बुद्धी म्हणाली. कोपऱ्यावर आपटून परत येतो. मी बुद्धीशी वाद घातला नाही. मी दाराकडे निघाले. पळाले नाही हे मला अजून सांगावंसं वाटतं. बाहेर पाऊल टाकलं आणि दार खेचलं, सगळा जोर लावून.

ते लागेना. काही अडकलं नव्हतं. पलीकडून कुणीतरी नुसता तळहात टेकवावा, तसं. ओढाताण नाही, घाई नाही.

माझी मूठ सैल झाली. दार क्षणभर तसंच राहिलं. गालाजवळून काहीतरी गेलं. थंडी नव्हती ती. मग दार आपलं आपण, लोण्यासारखं, लागलं.

वर येऊन लॅपटॉप पाहिला. मी आत होते तेवढा सगळा वेळ पाच तिसऱ्या खोलीत होता.

६

“ती ओळ काढून टाक,” सासरे म्हणाले. मॅडम दुसऱ्या दिवशी येणार होत्या. “पडद्यावर लाल काही नको. आणि तो भोंग्याचा टुंकटुंकाटही नको.”

“भोंग्याचं मी बघितलं,” हातोडीकाका म्हणाले. “तारच काढली. मॅडम गेल्या की जोडतो.”

“पण बाबा, ओळ काढली तरी—”

“हे बघ, सूनबाई.” सासरे ओरडत नाहीत. ते आवाज खाली आणतात, आणि मग समोरच्याला आपणच ओरडलो असं वाटतं. “तू हुशार आहेस. पण बापजाद्यांपासूनचं हे काम एका ओळीपायी घालवायचं नाही. एक तर ती ओळ जाईल, नाहीतर तुझं नवं जाईल आणि बाहेरचा माणूस येईल. मग पुन्हा तू त्या कपाटाला हात लावायचा नाहीस.”

नवरा ताटातल्या घासाकडे असा बघत होता की जणू तो घासच त्याला पहिल्यांदा दिसतोय.

मी मधला मार्ग काढला. ऑफिसच्या पडद्यावरून ओळ लपवली. मुळातल्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, ती येत राहू दिली, आणि तो लॉग माझ्या लॅपटॉपवर चालू ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण आपल्याला भीती वाटते म्हणून दिसणारी गोष्ट पुसून टाकायची, हे मला कधीच जमलेलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते.

भांडी आवरताना सासूबाई हळूच म्हणाल्या, “किती दाखवतं गं ते?”

“काय, आई?”

“पाच नंबर. किती दाखवतं?”

“छत्तीस पॉइंट आठ.”

त्यांनी मान डोलावली. तापलेल्या लेकराचा ताप उतरल्याचं कळल्यावर डोलावतात तशी. “मग ठीक आहे,” म्हणाल्या, आणि ताट पुसायला लागल्या.

त्या संध्याकाळी मला पाच नंबरपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

७

मॅडम सकाळी आल्या. कपाळावर आठी, हातात स्वतःचा तापमापक, पायात आवाज न करणारे बूट. मी चहा नेऊन दिला आणि वर आले. सुनेने दिसावं, रेंगाळू नये, असं कुणी म्हणालं नव्हतं. पण न म्हटलेलंच या घरात जास्त पाळलं जातं.

बोळातून जाताना एक गोष्ट खटकली होती. फळी जागेवर नव्हती. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन होता.

“बाबांनी काढून ठेवलीय,” नवरा कुजबुजला. “म्हणाले, जुनाट दिसते. पाहुण्यांसमोर खुंट्याबिंट्या नकोत.”

कपबशा विसळताना माझी नजर लॅपटॉपवर गेली. पत्ता पाच, तिसरी खोली. ३६.१.

इतक्या दिवसांत तो आकडा छत्तीस-सातच्या खाली गेला नव्हता. मी हात पुसले. पुढची ओळ आली. ३५.४.

मग ३४.६.

आत कुणी असल्याशिवाय पाच खोली बदलत नाही. सकाळी तो पहिल्या खोलीत होता. म्हणजे आता तिसरीत कुणीतरी होतं. सासरे, नवरा आणि काका खाली मॅडमबरोबर ऑफिसात. मघाशी मीच चार कप ठेवून आले होते.

“आई?” मी हाक मारली. घरातून उत्तर आलं नाही.

३३.

मी लॅपटॉप उचलून तशीच जिना उतरले. बोळ रिकामा. भिंतीवर फिकट चौकोन. चारही दारांना अडसर. दारांशेजारी चारही कोट जागच्या जागी. भोंगा गप्प, कारण त्याची तार हातोडीकाकांच्या खिशात होती.

ऑफिसचं दार उघडलं तेव्हा सासरे मॅडमना सांगत होते, “आमच्याकडे दोन पिढ्यांत एक तक्रार नाही.”

“तिसऱ्या दाराचा अडसर कुणी घातला?” मी म्हणाले.

सासऱ्यांनी मला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. “मी. उघडा होता. सूनबाई, जरा नंतर—”

“आई कुठे आहेत?”

“वर असेल.”

“वर मी होते.”

“अगं, असेल इकडे कुठेतरी—”

“बाबा, आई आत आहेत!” हा आवाज माझा होता हे मला उशिरा कळलं. या घरात आल्यापासून मी एवढ्या मोठ्याने कुणालाच हाक मारली नव्हती. “बिल्ला अडकवायला फळीच नव्हती! उठा! दार उघडा!”

सगळ्यांत आधी मॅडम उठल्या. त्यांची खुर्ची पडली. सासऱ्यांच्या हातातला कप तसाच तिरपा होता आणि चहा त्यांच्या बुटांवर सांडत होता. हातोडीकाका जागचे हलले नाहीत. ते खिसा चाचपत होते.

लॅपटॉपवर ३१ होते.

८

अडसर थंडीने धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा हातोडी मी मागितली. एका ठोक्यात तो सुटला.

आतला दिवा बंद होता. त्याचं बटण बाहेर असतं आणि सासरे काटकसरी. बोळातला उजेड खोक्यांच्या मधून एक पट्टा होऊन आत गेला. त्या पट्ट्यात आई बसल्या होत्या, लाकडी पाटावर, घरातल्या साध्या कपड्यांत. वाकडं लागलेलं एक लेबल सरळ करायला दोन मिनिटांसाठी आत आल्या होत्या. दोन मिनिटांसाठी कोण कोट घालतं?

पण त्यांच्या अंगावर कोट होता. जुन्या घाटणीचा, मोठ्या बटणांचा, डोक्यावरून ओढलेला. पाठीमागून त्यांना लपेटून घेतलं होतं आणि दोन्ही बाह्या त्यांच्या छातीवर घट्ट एकमेकींत गुंतल्या होत्या.

मला एवढंच वाटलं, बरं झालं. आणि मग मला आईंचे हात दिसले. दोन्ही हात मांडीवर होते, किल्ल्यांच्या जुडग्यावर.

बाह्या रिकाम्या नव्हत्या.

नवऱ्याने मागून दिवा लावला. बाह्या हळूच सुटल्या आणि लोंबल्या. झोपलेल्या मुलाला खाली ठेवताना आपण हात काढून घेतो, तशा. मग कोट म्हणजे नुसता कोट होता.

आई डोळे मिचकावत माझ्याकडे बघत होत्या. ओठ निळे, दातावर दात वाजत होते. “किती वेळ लावलास गं,” म्हणाल्या.

नवऱ्याने त्यांना उचललं. मॅडमनी त्यांचं मनगट धरलं आणि चालता चालता थबकल्या. “इतका वेळ आत... आणि बोटं गरम कशी?”

आम्ही बाहेर आलो. सासऱ्यांनी दार लोटायला घेतलं.

“दार धरा!” आई नवऱ्याच्या हातांतूनच ओरडल्या. त्या आवाजात उणे वीस नव्हतं, चांगली आग होती. “आधी दार धरा म्हणते ना!”

आणि माझ्या सासऱ्यांनी, पाहुण्यांसमोर, खाली मान घालून, रिकाम्या खोलीचं दार धरलं. नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. जो येत होता तो फार सावकाश येत असावा.

९

आई दोन दिवस रजया पांघरून झोपल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांची झाडाझडती घेतली. पण त्याआधी मॅडम.

त्या तशाच निघून जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. लाल ओळी, घसरत गेलेले आकडे.

“ऑफिसच्या पडद्यावर हे नव्हतं.”

“लपवलं होतं.”

“कुणी?”

सासरे भिंतीला टेकून उभे होते. मी गप्प राहिले असते तर ते चाललं असतं. पण एकदा आवाज फुटला की परत आत जात नाही. “मी लपवलं. बाबांनी सांगितलं म्हणून. पुन्हा लपवणार नाही.”

मॅडम बराच वेळ ओळी वाचत होत्या. “हा पाच नंबर कुठे बसवलाय?”

“तो फिरता आहे,” आतून रजईतून आवाज आला.

मॅडमनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढचं विचारलं नाही. “बाकीची शीतगृहं मला स्वच्छ पडदे दाखवतात,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. “माझ्या लसी मी इथेच ठेवीन. पण भोंगा आत्ता माझ्यासमोर जोडा. ती फळी परत लावा. आणि या लॉगमधली एक ओळसुद्धा या मुलीला विचारल्याशिवाय कुणी पुसायची नाही.”

सासऱ्यांनी हात जोडले. मॅडमना नव्हे; ते आईंच्या खोलीकडे बघत होते.

पाच नंबर त्या दिवशी बावीसवर होता. नंतर घराला एक नवीनच सवय लागली. सकाळी उठल्या उठल्या सासरे ओट्यापाशी यायचे आणि घसा खाकरून विचारायचे, “किती?”

“चोवीस, बाबा.”

“वाढतंय ना?”

“वाढतंय.”

नवरा गाडीवरून फोन करून विचारायचा. हातोडीकाका भोंगा जोडताना तिसऱ्या खोलीच्या दारावर टकटक करून, अगदी हलक्या हाताने, म्हणाले, “माफ करा हं.” मग मला बघून दचकले. “दार तपासत होतो.” तो कोट कुणाचा हे कुणी विचारलं नाही. आईंनी तो झटकून, बटणं नीट करून बोळात पाचव्या जागी टांगला.

सव्वीस. तीस. चौतीसला सासऱ्यांना राहवलं नाही. त्यांनी द्राक्षांची एक मोठी टोपली आणली, आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या घरी आल्यासारखे सगळे ती खात बसले.

ज्या सकाळी ३६.८ आले, त्या सकाळी मी कपाटासमोर बसले. नोंद नाही म्हणून ओळ लाल होती. आता नोंद करायची होती. पत्ता पाच. पुढे नावाची जागा रिकामी.

“आई, काय लिहू?”

त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. “घरचं माणूस,” म्हणाल्या. “आणखी काय?”

मी तेच लिहिलं. लाल ओळ एकदा लुकलुकली आणि हिरवी झाली. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळं ठीक. इतका बारीक दोष इतक्या दिवसांनी सुटल्यावर जो आनंद होतो तो सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच कळेल. मी खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही मुठी वर केल्या. आई या वेळी नक्की हसल्या. मी पाहिलं.

त्याच दुपारी माझा बिल्ला आला. आईंच्या हुकमावरून सासऱ्यांनी स्वतः, काकांची हातोडी घेऊन, फळीला सहावी खुंटी ठोकली. एकदा अंगठ्यावरही ठोकली.

“तूच पहिली जा,” आई म्हणाल्या.

मी सहाचा बिल्ला अडकवला, तिसऱ्या खोलीत गेले, ते एक लेबल सरळ केलं. ते अजून वाकडंच होतं. श्वास रोखला नाही. खांद्याशी ढग येत होता की नाही ते बघितलं नाही. घरच्या माणसाकडे असं सारखं वळून बघत नाहीत.

बाहेर आले आणि दार धरून थांबले. फळीवर माझा बिल्ला स्थिर होता. शेजारच्या पाचव्या खुंटीला काहीच नव्हतं, तरी ती पितळी खुंटी किंचित हलली, नुकतंच कुणी काही काढून घ्यावं तशी. हातावरून ऊब गेली.

मग मी दार लावलं.